सोंडकिड्याची नवी प्रजाती: ओळख, वर्णन आणि नाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन-तीन मिलिमीटरचा सोंडकिडा हाती लागतो, कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नाही, आणि ‘हा नवा तर नसेल?’ अशी शंका येते. त्यानंतर विद्यार्थी आणि हौशी कीटकनिरीक्षक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या टप्प्यांवर केलेली घाई पुढच्या कित्येक संशोधकांना निस्तरावी लागते.

सोंडकिडा नेमका कशाला म्हणायचं?

सोंडकिडे हे भुंगेरेच. डोक्याचा पुढचा भाग सोंडेसारखा लांबलेला असतो आणि चावणारे जबडे त्या सोंडेच्या टोकाला असतात. ही सोंड डासासारखी रस शोषायची नळी नाही. बहुतेक माद्या तिने बी, कळी किंवा खोड कोरतात आणि त्या भोकात अंडं घालतात. अळी पांढुरकी, बिनपायांची आणि अर्धचंद्रासारखी वाकलेली असते. स्पर्शिका सोंडेवरच उगवतात. कुर्क्युलिऑनिडी या मुख्य कुळात त्या कोपरासारख्या वाकतात: आधी एक लांब सांधा, मग पाच ते सात छोटे सांधे, शेवटी गदेसारखं टोक. साठवणीतल्या तांदळातला सोंडकिडा आणि नारळाच्या खोडातला बोटाच्या पेराएवढा लाल सोंड्या भुंगा, दोघेही याच गोतावळ्यातले.

हजारो सोंडकिडे आधीच माहीत आहेत. तरी नवे सापडतात कसे?

सोंडकिड्यांच्या वर्णन झालेल्या प्रजातीच सुमारे ६२,००० आहेत, आणि वर्णन न झालेल्या त्याहून कितीतरी जास्त असाव्यात असं या विषयातले लोक मानतात. मोठे, चमकदार भुंगेरे गेल्या दोन शतकांत संग्राहकांच्या नजरेत भरले. पानगळीच्या थरात राहणारे, धक्का लागताच पाय आवरून मातीच्या कणासारखे पडून राहणारे बारके किडे मागे राहिले.

ट्रायगोनॉप्टेरस या जीनसचंच (जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटाचंच) बघा. दोन-तीन मिलिमीटरचे हे काळसर किडे उडू शकत नाहीत, त्यामुळे शेजारशेजारच्या डोंगरांवरही वेगवेगळ्या प्रजाती तयार झाल्या आहेत. २०१३ मध्ये अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी न्यू गिनीतून एकाच निबंधात १०१ नव्या प्रजातींचं वर्णन केलं. २०१९ मध्ये सुलावेसी बेटावरून आणखी १०३ आल्या. त्याआधी त्या बेटावरून या जीनसची एकच प्रजाती नोंदलेली होती, तीही १८८५ मधली.

बऱ्याच नव्या प्रजाती तर जंगलात नाही, संग्रहालयाच्या कपाटात सापडतात. नमुना गोळा होण्यापासून त्याचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

एवढ्याशा किड्याला नाव देण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर एका घडलेल्या गोष्टीतून देते.

साल्व्हिनिया मोलेस्टा ही तरंगणारी पाणवनस्पती दक्षिण अमेरिकेतून बाहेर पडली आणि आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातल्या तलावांवर, नद्यांवर तिने जाड गालिचा पसरला. होड्या अडकल्या, मासेमारी थांबली. तिला खाणारा किडा शोधायचा असं ठरलं, पण त्या काळी ही वनस्पतीच चुकीच्या नावाने ओळखली जात होती. साहजिकच शोध दुसऱ्याच, जवळच्या वनस्पतीवर घेतला गेला. तिथे सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस हा सोंडकिडा मिळाला. तो आफ्रिकेत सोडला, पण फारसा उपयोग झाला नाही.

१९७२ मध्ये वनस्पतीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं. पुढे तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये असल्याचं कळलं आणि तिथून सोंडकिडे आणले गेले. दिसायला ते आधीच्या किड्यासारखेच, जेमतेम दोन मिलिमीटरचे, आणि सगळ्यांनी त्यांना तेच समजून घेतलं. १९८० मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडले, आणि साधारण वर्षभरात तिथलं तण जवळपास नाहीसं झालं. एकाच प्रजातीचे किडे एकीकडे निष्प्रभ आणि दुसरीकडे इतके परिणामकारक कसे? नीट तपासल्यावर हा वेगळाच किडा निघाला. १९८५ मध्ये काल्डर आणि सँड्स यांनी त्याचं सिर्टोबेगस साल्व्हिनी या नावाने वर्णन केलं.

इथे वनस्पती आणि किडा, दोन्ही ओळखताना चूक झाली होती, आणि त्या चुकीची किंमत म्हणजे हातातून गेलेली वर्षं. कुठला किडा कुठल्या झाडावर जगतो याची माहिती नावाला जोडूनच साठते. नाव चुकलं की माहिती भलत्याच किड्याच्या खात्यात जमा होते.

माझा किडा नवा आहे हे कसं ठरवायचं?

खरं काम इथे आहे. किडा सापडणं ही सुरुवात झाली. तो आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक नातेवाइकापेक्षा वेगळा आहे हे दाखवता आलं, तर शोध लागला असं म्हणता येतं.

आधी जीनस पक्का करा. मग त्या जीनसमध्ये आजवर दिलेली सगळी नावं गोळा करा. आज वापरात नसलेली, समानार्थी ठरवून बाजूला ठेवलेलीसुद्धा. तुमचा ‘नवा’ किडा पुष्कळदा नेमका अशाच एखाद्या विसरलेल्या नावाचा मालक निघतो. शेजारच्या देशांतून वर्णन केलेल्या प्रजाती वगळू नका, कारण किड्याला सरहद्द कळत नाही. जवळच्या जीनसमध्ये चुकून टाकलेल्या प्रजातींवरही नजर फिरवा.

यानंतर अडचण येते ती जुन्या वर्णनांची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं वर्णन कधीकधी लॅटिनमधल्या चार ओळींचं असतं: काळा, करड्या खवल्यांचा, सोंड वाकलेली, पंखांवर रेघा. एवढ्यावर निम्मा जीनस बसेल. म्हणून ज्या नमुन्यावर ते नाव आधारलेलं आहे, तो मूळ नमुना बघावा लागतो. संग्रहालयांतले क्युरेटर बहुतेक वेळा मदत करतात, पण नेमकं विचारा. ‘फोटो पाठवा’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘डाव्या बाजूने सोंड आणि पुढच्या मांडीवरचा दात दिसेल असा फोटो हवा’ असं लिहिलं, तर उत्तर उपयोगी येतं. पैसे आणि वेळ असतील तर स्वतः जाऊन बघण्याला पर्याय नाही. मूळ नमुने न बघता केलेलं वर्णन मला अर्धवट वाटतं, मग त्यातले फोटो कितीही सुंदर असोत.

माझ्या किड्याचा रंग अगदी वेगळा आहे. तेवढं पुरेल का?

नाही. सोंडकिड्याचा रंग बऱ्याचदा अंगावरच्या खवल्यांचा असतो, आणि खवले वयाबरोबर झिजतात. ताजा किडा ठिपकेदार, म्हातारा किडा नुसता काळा, असं एकाच फांदीवर दिसतं. कोशातून नुकताच बाहेर आलेला किडा फिकट तपकिरी असतो, कारण कवच अजून पक्कं झालेलं नसतं.

आकारावरही विसंबू नका. अळीला किती खायला मिळालं यावर प्रौढाची लांबी ठरते. तांदळातल्या सोंडकिड्याची पिढी मक्याच्या मोठ्या दाण्यात वाढली तर प्रौढही मोठे निघतात. शिवाय नर-मादीतही फरक असतो. मादीची सोंड अनेकदा लांब, बारीक आणि गुळगुळीत. नराची आखूड, खरबरीत. एकाच प्रजातीच्या नराला आणि मादीला दोन वेगळी नावं दिल्याची उदाहरणं वर्गीकरणाच्या इतिहासात पुष्कळ आहेत.

मग भरवशाचा फरक कुठे शोधायचा?

नराच्या जननांगात. सोंडकिड्यांत ही तपासणी टाळून चालत नाही.

तांदळातला सायटोफिलस ओरायझी आणि मक्यातला सायटोफिलस झीमाइस ही जोडी बघा. पहिल्याला लिनियसने १७६३ मध्ये नाव दिलं, दुसऱ्याला मोचुल्स्कीने १८५५ मध्ये. बाहेरून ते इतके सारखे की दीर्घकाळ त्यांची गल्लत होत राहिली. नराचं जननांग काढून मायक्रोस्कोपखाली धरलं की शंका फिटते. ओरायझीत त्याची वरची बाजू गुळगुळीत आणि फुगीर असते, झीमाइसमध्ये तिच्यावर दोन उभ्या पन्हळी असतात.

दोन मिलिमीटरच्या किड्याचं विच्छेदन करायचं तरी कसं?

सुका नमुना आधी कोमट पाण्यात मऊ होऊ द्या. कोरडा किडा चिमट्यात धरला की पाय तुटतात. मऊ झाल्यावर पंखांच्या टोकाखालून बारीक सुई घालून पोट हलकेच सोडवा. ते पोट दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवा. हे द्रावण त्वचा जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. हळूहळू स्नायू आणि चरबी विरघळते, पाणी गढूळ होतं, आणि कायटिनचे (कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचे) तपकिरी भाग तेवढे उरतात. पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवलं की जननांगाची नळी, तिच्या टोकाचा आकार, आतल्या पिशवीतले काटे असं सगळं पारदर्शक होऊन दिसतं. मादीत शुक्राणू साठवण्याची आकड्यासारखी पिशवी बघायची.

बघून झालं की हे भाग टाकू नका किंवा स्लाइडवर कायमचे चिकटवू नका. ग्लिसरीन भरलेल्या चिमुकल्या कुपीत घालून कुपी त्याच नमुन्याच्या पिनेला खाली अडकवा. भाग वेगळीकडे आणि किडा वेगळीकडे गेला की दोन्हींचं मोल निम्म्यावर येतं. पहिला प्रयोग मात्र ज्याचे भरपूर नमुने आहेत अशा ओळखीच्या प्रजातीवर करा.

डीएनए बारकोड केला तर एवढं सगळं वाचेल ना?

थोडं वाचेल, सगळं नाही. प्राण्यांसाठी सहसा मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. नर-मादीची जोडी जुळवायला, अळी कुणाची ते ओळखायला आणि हुबेहूब दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या काढायला तो फार कामाचा आहे. ट्रायगोनॉप्टेरसचं प्रचंड काम इतक्या वेगाने होऊ शकलं ते बारकोड, उत्तम फोटो आणि आटोपशीर वर्णनं यांचा मेळ घातल्यामुळे.

पण शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ नमुन्यांचा बारकोड बहुतेक वेळा उपलब्ध नसतो. तुमचा क्रम डेटाबेसमध्ये कशाशीच जुळला नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की डेटाबेसमध्ये तो नाही. प्रजाती फार पूर्वीच नाव घेऊन बसलेली असू शकते. बारकोडमधल्या फरकाला शरीरातल्या फरकाची साथ मिळाली, तरच मी निश्चिंत होते.

एक व्यवहारी सूचना: डीएनए काढण्यासाठी नमुना कुटू नका. प्रोटिनेज के या विकराच्या द्रावणात अख्खा किडा ठेवला तर मऊ ऊती विरघळतात, कवच शाबूत राहतं, आणि जननांगही स्वच्छ होऊन मिळतं.

नमुने कसे गोळा करायचे आणि ठेवायचे?

झुडपाखाली पांढरं कापड धरून फांदीवर काठी मारणं ही सगळ्यात साधी आणि हमखास पद्धत. पानगळीतल्या किड्यांसाठी पाचोळा चाळून विंकलर पिशवीत टांगतात. पाचोळा सुकत जातो तसे किडे खाली उतरून भांड्यात पडतात. डीएनए हवा असेल तर ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल वापरा. इथिल ॲसिटेटच्या वाफेने मारलेल्या किड्यातला डीएनए खराब होतो.

एवढ्या लहान किड्यात पिन थेट खुपसत नाहीत. कडक कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला त्याची उजवी कूस चिकटवतात आणि पिन त्या कागदातून जाते. डिंक पाण्यात विरघळणारा हवा, आणि सोंड, छातीची खालची बाजू, पायांचे सांधे उघडे राहायला हवेत.

लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि झाडाचं नाव लिहा. महिना रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे, त्याने दिवस-महिन्याची अदलाबदल टळते. झाड ओळखता आलं नाही तर त्याची फुलासकट फांदी दाबून ठेवा. सोंडकिड्यांत झाडाची माहिती हा अर्धा पुरावा असतो, आणि नेमकी तीच नोंद लोक ‘उद्या लिहू’ म्हणून सोडून देतात.

परवानगी लागते का?

लागते. ज्या देशातून नमुना घेता त्या देशाचा जैवविविधता कायदा आणि संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याचे नियम आधी बघा. २०१० च्या नागोया करारानंतर नमुने दुसऱ्या देशात पाठवण्यावरही बंधनं आली आहेत. परवानगीचा कागद नसेल तर चांगली नियतकालिकं निबंध परत पाठवतात.

एकच नमुना असेल तर वर्णन करावं का?

नियम आड येत नाहीत. तरी शक्य असेल तर थांबा, त्याच जागी, त्याच हंगामात पुन्हा शोधा. एका नमुन्यावरून प्रजातीत किती फरक पडतो हे कळत नाही, आणि ती मादी असेल तर नराच्या जननांगाचा प्रश्न तसाच राहतो. जागा नष्ट व्हायच्या बेतात असेल, किंवा नमुना जुना आणि फरक निर्विवाद असेल, तर एकावरही वर्णन करणं योग्य.

वर्णनात काय काय असायला हवं?

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या अपेक्षा मोजक्या आहेत: नाव नवं असल्याचं स्पष्ट लिहिलेलं, प्रजाती वेगळी ठरवणारी लक्षणं शब्दांत मांडलेली, आणि होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) कोणता व तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे याचा उल्लेख.

चांगल्या वर्णनात याहून बरंच काही लागतं. सगळ्यात जास्त मेहनत निदानलक्षणांच्या परिच्छेदावर घ्या. ‘सोंड लांब’ असं लिहून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही, कशापेक्षा लांब? ‘मादीची सोंड प्रोनोटमच्या (छातीच्या पुढच्या भागावरच्या ढालीच्या) दीडपट, जवळच्या प्रजातीत जेमतेम तेवढीच’ असं लिहिलं तर वाचक आपल्या किड्यावर पट्टी लावून बघू शकतो. सगळ्यात जवळच्या प्रजातीचं नाव घ्या आणि तिच्याशी थेट तुलना करा. तुमच्या निष्कर्षावर शंका घेणाऱ्या माणसासाठी हा परिच्छेद लिहायचा असतो.

मग सविस्तर वर्णन: सोंडेचा बाक, स्पर्शिकेतल्या सांध्यांची संख्या, डोळे, प्रोनोटमवरचे खळगे, पंखांवरच्या साधारण दहा रेघा आणि त्यांमधल्या पट्ट्या, खवल्यांचा आकार, मांड्यांवरचे दात, नख्या, जननांग. लांबी देताना सोंड धरत नाहीत. डोकं कधी खाली झुकलेलं, कधी छातीत ओढलेलं असतं, त्यामुळे सोंडेसकट मोजमाप दर नमुन्यात बदलतं. कुठून कुठे मोजलं ते मात्र लिहा. फोटोंबरोबर जननांगाची रेखाचित्रंही द्या.

होलोटाइप म्हणजे काय? तो माझ्याकडे ठेवला तर?

नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो होलोटाइप. त्याच्यासोबत अभ्यासलेले, तसे जाहीर केलेले बाकीचे नमुने पॅराटाइप. प्रथेने होलोटाइपला लाल आणि पॅराटाइपला पिवळं लेबल लावतात.

तो घरी ठेवू नका. बुरशी आणि संग्रह पोखरणारे किडे काही वर्षांत त्याचा भुगा करतात, आणि पुढच्या अभ्यासकाला तो बघता येत नाही. सार्वजनिक संग्रहालयात द्या. पॅराटाइप मात्र दोन-तीन संस्थांत वाटा. २ सप्टेंबर २०१८ च्या आगीत रिओ दी जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग जळाला. सगळे नमुने एकाच छताखाली असणं किती धोक्याचं आहे हे त्या रात्री दिसलं.

नाव काय द्यायचं?

ठिकाण, ठळक लक्षण, यजमान झाड किंवा एखाद्या व्यक्तीचा सन्मान यांवरून नाव देता येतं. पुरुषाच्या नावाला सहसा ‘आय’ आणि स्त्रीच्या नावाला ‘एई’ हा लॅटिन प्रत्यय लागतो. विशेषण असेल तर त्याचं लिंग जीनसशी जुळवावं लागतं. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे तपासा. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देत नाहीत. नियम तसं रोखत नाही, पण ते अशोभनीय मानतात. न्यू गिनीच्या त्या १०१ प्रजातींना नावं पुरेनात, तेव्हा अनेक नावं चक्क पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं निवडून दिली होती.

एकदा प्रसिद्ध झालेलं नाव ‘आता आवडत नाही’ किंवा ‘शोभत नाही’ म्हणून बदलता येत नाही, अगदी ते देणाऱ्यालाही.

वर्णन मराठीत लिहिलं तर चालेल का?

नियमाने चालेल. नाव रोमन लिपीतच हवं, पण वर्णनाच्या भाषेवर संहितेची सक्ती नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेत निदानलक्षणं द्यावीत अशी शिफारस आहे, आणि ती पाळणं शहाणपणाचं. माझं मत असं की इंग्रजी निबंधाबरोबर मराठीतही सविस्तर सारांश लिहावा. किडा जिथे सापडला तिथल्या शेतकऱ्याला आणि शाळेतल्या मुलांना तो वाचता आला पाहिजे.

प्रसिद्ध कुठे करायचं?

परीक्षकांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात. ते फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी व्हावी लागते आणि ती निबंधातही दिसावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने हा नियम आला. तोवर नवं नाव समाजमाध्यमांवर, परिषदेच्या पोस्टरवर किंवा बातमीत लिहू नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेल्या नावाला नियमांत किंमत नसते, पण गोंधळ मात्र उरतो.

पुढे कुणी ‘ही प्रजाती नवी नाही’ असं दाखवलं तर?

तर जुनं नाव चालतं आणि तुमचं नाव त्याचं कनिष्ठ समानार्थी ठरतं. तुमची चित्रं, मोजमापं आणि झाडाच्या नोंदी तरीही वापरात राहतात. नाव पुसलंही जात नाही: उद्या दोन प्रजाती वेगळ्या असल्याचं पुन्हा सिद्ध झालं, तर तेच परत वापरतात. ते ठरवणारा माणूस आधी तुमचा होलोटाइप मागवेल, कुपीतलं जननांग मायक्रोस्कोपखाली धरेल आणि तुमच्या वर्णनातलं एकेक वाक्य त्याच्याशी पडताळून बघेल.